कुडचीच्या पुलावरचा तिप्पट विमा

पोस्टर मुलांनी हातानं रंगवलं होतं. उंच टाचेची लाल चप्पल, आणि तिची टाच कुंदा या बेळगावी मिठाईच्या उघड्या डब्यात रुतलेली. वर ठळक कन्नड, खाली बारीक मराठी. पाटीवर ६० टक्के कन्नड हवं हा २०२४ चा नियम दुकानांपुरता आहे की हातानं रंगवलेल्या पोस्टरलाही लागतो, हे विचारायला कुणी गेलं नाही, आणि न विचारण्यातच शहाणपण होतं. बेळगावातल्या एका संस्थेच्या सभागृहात रविवारी संध्याकाळी इंग्रजी चित्रपट, मराठी उपशीर्षकांसह, प्रवेश मोफत, एवढाच मजकूर. सकाळी त्या पोस्टरचा फोटो तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला. संध्याकाळपर्यंत त्याला 'मराठीच्या नावावर चावट सिनेमे' अशी ओळ चिकटली होती. खेळ झाला, साठ-सत्तर माणसं आली, हसून घरी गेली. भांडण मात्र तीन आठवडे झाले तरी चालूच आहे, आणि ते ज्या तऱ्हेनं चाललंय त्याचा मला वीट आला आहे.

एका बाजूला संस्कृतीचे राखणदार. त्यांच्यापैकी निम्म्यांनी चित्रपट पाहिलेला नाही आणि उरलेल्यांनी पाहिलाय हे ते कबूल करत नाहीत. दुसऱ्या बाजूला मुलं आणि त्यांचे पाठीराखे. त्यांच्याकडे दोनच वाक्यं आहेत: 'कलेचं स्वातंत्र्य आहे' आणि 'अहो विनोद आहे, एवढं मनावर काय घेता'. गंमत अशी की दोन्हीकडचे लोक अजून त्या चपलेवरच अडकलेत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कामुक थरारपटांची थट्टा करणारा हा चित्रपट दाखवला हे बरं केलं, आणि बेळगावात दाखवला हे तर फारच बरं केलं. कामुक थरारपट उघड्या अंगावर चालतो असं आपल्याला वाटतं. तो चालतो बाईवरच्या संशयावर. त्या संशयाला हसण्याची रीत आपल्या भागात फार जुनी आहे, आणि ती आपण विसरत चाललोय.

चित्रपट कार्ल रायनर यांचा, १९९३ चा, 'फेटल इन्स्टिंक्ट'. नायक एकाच वेळी पोलीसही आहे आणि वकीलही. ज्याला पकडतो त्याचाच खटला लढवतो. (माझ्यासारख्या वकील बाईला यात थट्टेपेक्षा सोय जास्त दिसते, ते असो.) त्याच्या बायकोचं मोटारीच्या मेस्त्रीशी सूत जुळलेलं. नवऱ्याच्या विम्यात एक कलम: उत्तरेकडे जाणाऱ्या रेल्वेतून, गोळी लागून, पडून, गोड्या पाण्यात बुडून तो मेला तर रक्कम तिप्पट. ही थट्टा आहे बिली वाइल्डरच्या १९४४ च्या 'डबल इन्डेम्निटी'ची. तिथं रेल्वेतल्या अपघाताला विमा दुप्पट मिळतो, आणि त्या दुपटीसाठी प्रियकर आणि बायको मिळून नवऱ्याला संपवतात. इथं त्याच कलमाला इतक्या अटी चिकटवल्यात की खून करायचा तर आधी रेल्वेचं वेळापत्रक पाठ हवं. मादक बाई आली की पार्श्वसंगीतात सॅक्सोफोन, आणि तो वाजवणारा माणूस पडद्यावरच हजर.

माझ्या पुढच्या रांगेत एक निवृत्त विमा एजंट काका होते. उभं आयुष्य लोकांना 'अपघाती दुप्पट' समजावून सांगण्यात गेलेलं. ते कलम पडद्यावर आलं आणि काका खुर्चीतून अर्धे उठले. "उत्तरेकडची गाडी, गोडं पाणी... म्हणजे मिरज पॅसेंजर आणि कुडचीच्या पुढचा कृष्णेचा पूल की!" मागून कुणीतरी ओरडलं, "उन्हाळ्यात पाणी नसतंय काका, क्लेम बुडतो!" त्यानंतरची दोन मिनिटं चित्रपटातलं काही ऐकू आलं नाही. काकांच्या शेजारी त्यांची बायको बसली होती. तिनं त्यांच्याकडे पाहून विचारलं, "तुमचा केवढ्याचा आहे हो?" सबंध संध्याकाळीतला सर्वांत मोठा हशा त्या वाक्याला पडला, आणि तो रायनरच्या खात्यावर टाकता येणार नाही.

आता ज्याचं हे विडंबन, तो मूळ माल कसला आहे ते बघू. १९८७ चा 'फेटल ॲट्रॅक्शन' घ्या. लग्न झालेला पुरुष एक शनिवार-रविवार परक्या बाईबरोबर घालवतो. नंतर ती त्याचा पिच्छा सोडत नाही. पहिल्यांदा चित्रित केलेल्या शेवटात ती आत्महत्या करते आणि खुनाचा आळ त्याच्यावर येतो. चाचणीच्या खेळांना आलेल्या प्रेक्षकांना हे पचलं नाही. तिनं स्वतःहून मरणं त्यांना पुरेना. मग शेवट नव्यानं चित्रित केला: बायको बंदूक घेऊन येते आणि त्या बाईला गोळी घालते. शेवटची चौकट थांबते ती कुटुंबाच्या तसबिरीवर. नवरा, बायको, लेक. ज्यानं सगळं सुरू केलं तो तसबिरीत सुखरूप. पुढं पाच वर्षांनी 'बेसिक इन्स्टिंक्ट'नं बाईच्या हाती बर्फ फोडायचा टोच्या दिला आणि त्या मार्गानं मग रांग लागली. या चित्रपटांत अंग दिसतं ते आमिष म्हणून. गळ वेगळाच असतो: सुंदर बाई, स्वतःची मर्जी असलेली बाई, रात्री उशिरा फोनवर बोलणारी बाई तुमचा घात करणार. प्रेक्षकानं दोन तास तिच्याकडे पोलिसाच्या नजरेनं बघायचं.

मी गेली बावीस वर्षं कौटुंबिक दावे चालवते, त्यामुळे ही नजर मला पडद्याबाहेर रोज भेटते. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ शंभर पानी शाळकरी वही घेऊन आले. पट्टीनं आखलेले चार रकाने: तारीख, बायकोची व्हॉट्सॲपवरची 'लास्ट सीन' वेळ, ऑनलाइन किती मिनिटं, आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईनं जवळजवळ प्रत्येक ओळीत एकच शब्द, 'कुणाशी?'. साडेतीन महिने हे चाललं होतं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत स्वतः जागून. त्या साडेतीन महिन्यांत बायकोकडे बघायला त्यांना सवड मिळाली नव्हती, फोनकडे बघण्यातच वेळ गेलेला. वही माझ्या टेबलावर सरकवून त्यांनी विचारलं, "मॅडम, हे पुराव्यात चालेल काय?" समोरचा माणूस दुःखात होता, मी हसले नाही. पण हाच माणूस पडद्यावर पाहिला असता तर त्याला स्वतःचंच हसू आलं असतं, आणि कदाचित पानं थोडी कमी भरली असती.

कायद्याची गंमत याहून मोठी. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द करेपर्यंत भारतीय दंड संहितेत कलम ४९७ होतं. परक्याच्या बायकोशी संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार, पण नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही! म्हणजे बायको ही उसनी द्यायची वस्तू, मालकाची चिठ्ठी असली की झालं. असलं कलम ज्या देशानं स्वतंत्र झाल्यावर सत्तर वर्षं गंभीर चेहऱ्यानं पाळलं, त्यानं विमा कंपनीच्या गोड्या पाण्याला का हसू नये?

आता विरोधकांच्या म्हणण्यात जे खरं आहे ते. पहिली गोष्ट, विडंबन दोन्ही ताटांतलं खातं. ज्याची खिल्ली उडवायची ते आधी दाखवावं लागतं, आणि दाखवताना तिकीट त्याच्याच जोरावर खपतं. 'आम्ही थट्टा करतोय' असं म्हणत तोच माल विकणारे उदंड आहेत, आपल्याकडेही. हे मला शंभर टक्के मान्य. दुसरी गोष्ट कुणी बोललं नाही, पण बोलायला हवी होती: या चित्रपटात तीन बायका आहेत, एक कपटी बायको, एक मादक पाहुणी, एक निष्ठावान सेक्रेटरी. थरारपटाच्या साच्यांना हसता हसता चित्रपट स्वतः त्याच साच्यांत अडकून बसलाय. बाईची चौथी जात त्याला सुचलेली नाही. आणि निम्मे विनोद पडेल आहेत, हेही सांगून टाकते.

तरीही विडंबनाला अंगप्रदर्शनाच्या फूटपट्टीनं मोजू नये. विडंबन मोजायचं ते नंतर काय होतं त्यावरून. ते पाहिल्यावर कोणती गोष्ट गंभीर चेहऱ्यानं बघणं तुम्हांला अशक्य झालं? आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावानं 'झेंडूची फुले' लिहिली ती १९२५ साली. त्या काळच्या प्रेमकवितेतले उसासे, ते हुंकार, ती फारसी झुल्फं. अत्र्यांनी कवींना शिव्या दिल्या नाहीत, त्यांच्याच चालीत परिटावर लिहून दाखवलं. त्यानंतर तसले उसासे टाकणारा कवी आधी इकडंतिकडं बघून घ्यायला लागला. परवाच माझी भाची मोबाइलवर कुठल्याशा मालिकेची झलक बघत होती. अंधारा जिना, साडीचा पदर, आणि सॅक्सोफोन. ती फिसकन हसली. तिला विचारलं काय झालं, तर म्हणाली, "वाजवणारा दिसत नाही गं, मावशी." तिच्यापुरता तो जिना आता कायमचा विनोदी झाला.

'हे आपल्या मातीतलं नाही', हा पुढचा आक्षेप. कुठल्या मातीतलं? बैलहोंगल इथून किती लांब आहे? तिथल्या परिसरात घडलेल्या खुनावरचा 'संग्या-बाळ्या' हा सण्णाट, म्हणजे लोकनाट्य, कन्नड गावांतून पिढ्यान्‌पिढ्या रात्रभर खेळला गेला आहे. श्रीमंत संग्या, त्याचा दोस्त बाळ्या, व्यापाऱ्याची बायको गंगी, चोरटं प्रेम, मैत्रीतला दगा, शेवटी संग्याचा खून. हॉलिवूडला ज्या मसाल्याचा शोध फार पुढं लागला तो आमच्या जिल्ह्यात कंदिलाच्या उजेडात, बायामाणसांसमोर, बायकांची सोंगं घेतलेले पुरुष सादर करत होते. त्या गावांच्या संस्कृतीला काय झालं? कन्नड नाटककार चंद्रशेखर कंबार हे याच जिल्ह्यातल्या घोडगेरीचे. लोकनाट्यातला हाच रांगडा रस घेऊन ते लिहीत राहिले आणि पुढं ज्ञानपीठापर्यंत पोचले.

मराठीच्या अंगानं बघायचं तर याहून जवळचा पुरावा आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले गुर्लहोसूरला, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातच. त्यांच्या हाताखाली बेळगावात शिकलेले गोविंद बल्लाळ देवल. देवलांचं 'संशयकल्लोळ' १९१६ साली संगीतात आलं, पण त्याचं आधीचं गद्य नाव 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. मूळ बी मोलिएरचं, फ्रान्समधून इंग्लंडमार्गे आलेलं. पण रस्त्यात मूर्च्छित पडलेल्या रेवतीला सावरणारा फाल्गुनराव, ते बघून जळणारी त्याची बायको कृत्तिका, तिला सापडलेली अश्विनशेटची तसबीर, आणि बायको परक्या पुरुषाची तसबीर निरखतेय हे बघून पेटलेला फाल्गुनराव, हे सगळं आज कुणाला परदेशी वाटतं? तेव्हा तसबीर होती, आता डीपी आहे. माझ्याकडे आलेले ते वहीवाले गृहस्थ म्हणजे शंभर वर्षांनी जन्मलेला फाल्गुनराव, फक्त त्यांच्या वाट्याला देवल आले नाहीत. हॉलिवूडनं संशयाची तसबीर केली आणि शेवटच्या चौकटीत भिंतीवर टांगली. देवलांनी तिचा घोटाळा केला. यातलं कुठलं आपल्या मातीतलं, ते राखणदारांनी ठरवावं.

सर्वांत जड आक्षेप मात्र एका बाईंचा होता, आणि त्याच्याशी मी चार दिवस झगडले. त्या म्हणाल्या, "नवऱ्याला मारायच्या बेतावर हसताय, आणि रोजच्या बातम्या वाचत नाही काय?" मार्च २०२५ मध्ये मेरठचं ते प्रकरण झालं, नवऱ्याचं प्रेत निळ्या ड्रममध्ये सिमेंट ओतून बुजवलेलं. अशा वेळी काळी विनोदिका दाखवणं म्हणजे जखमेवर मीठ, असं त्यांचं म्हणणं. पण त्या ड्रमचं पुढं काय झालं ते आठवा. आठवड्याभरात रील्स, गाणी, 'बायकोला ड्रम घेऊन देऊ नका' छाप विनोद. तो हशा एका खऱ्या मेलेल्या माणसाच्या प्रेतावर होता, आणि जाताजाता देशातल्या यच्चयावत बायकांना धमकीही होता. त्या विनोदांना आपल्या ग्रुपवर कुणी अश्लील म्हटलं नाही; चार राखणदारांनीच मला ते पाठवले होते. दुसरीकडे राष्ट्रीय गुन्हे नोंदणीत २०२२ या एका वर्षात हुंडाबळीचे ६,००० हून अधिक गुन्हे आहेत. त्या प्रत्येकीचं गाणं का झालं नाही? बायको नवऱ्याला मारते ही बातमी होते, कारण ती दुर्मिळ आहे. सासरी मेलेल्या मुलीला आतल्या पानावर दोन इंच मिळतात. थरारपट हीच उलटी मोजदाद करतो, आणि गंभीरपणे करतो. त्याच्या विम्याच्या कलमाला हसलं तर ती मोजदाद निदान डोळ्यांत भरते. बाईंना हे पूर्ण पटलं नाही. ज्यांच्या घरात असं काही घडलंय त्यांनी हा चित्रपट बघावा असा आग्रह मीही धरणार नाही, इथवर आम्ही दोघी आलो.

उरला आमचा खास सीमाभागी आक्षेप. 'आधीच मराठीवर बोट दाखवायला लोक टपलेत, त्यांना हे निमित्त कशाला देता?' हा आक्षेप मी लहानपणापासून ऐकत आले आहे, त्यामागची भीती मला ठाऊक आहे, आणि तिची टिंगल मी करणार नाही. १९५६ ला राज्यांची रेघ ओढली गेली, सीमावादावर महाजन आयोग येऊन गेला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, २०१४ ला गावाचं सरकारी नावही बदललं. इतकं झाल्यावर घरातल्यांनी धुतल्या चेहऱ्यानं वावरावं असं वडीलधाऱ्यांना वाटलं तर त्यात नवल काय?

पण त्याचा परिणाम बघा. गेल्या दोन पिढ्यांत आमच्या जाहीर मराठीला उरलेली कामं किती? ती निवेदन देते, निषेध करते, जयंती साजरी करते, श्रद्धांजली वाहते. एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळी फीत लावते. प्रेमात पडायचं असेल तर पोरं हिंदीत पडतात, भांडायचं तर गल्लीच्या बोलीत, आणि चावटपणा सगळा रीलच्या भाषेत. सभागृहात येताना आमची मराठी इस्त्री करून येते. त्या रविवारी ती तशी आली नाही. मुलांनी उपशीर्षकं स्वतः बसवली होती आणि ती पुस्तकी ठेवली नव्हती. आमच्याकडे बायकाही 'मी येतो', 'मी जेवलो' म्हणतात हे पुण्याच्या पाहुण्यांना दर वेळी समजावून सांगावं लागतं. पडद्यावर ती मादक पाहुणी दाराला टेकून उभी, धूर, सावल्या, सगळा सरंजाम, आणि खाली अक्षरं उमटली: "मी आलो बघ." खुर्च्या हलल्या. ज्या बोलीला शाळेत छडी खावी लागली तीच बोली हॉलिवूडच्या बाईच्या तोंडी बसली होती आणि साठ-सत्तर माणसं तिला आपलं म्हणून हसत होती. एका शिक्षकांनी नंतर 'अशुद्ध उपशीर्षकं' म्हणून दोन पानी पत्र पाठवलं. शुद्धलेखनाच्या तीन चुका त्या पत्रातही आहेत, पण त्या मी मोजल्या हे त्यांना सांगू नका.

आणि बोट दाखवणाऱ्यांचं म्हणाल तर सभागृहात आठ-दहा कन्नड पोरंही होती. 'बघ' आणि 'की' त्यांना कुणी समजावून द्यावं लागलं नाही. ती आमच्याच ठिकाणी हसत होती, फक्त अर्धा क्षण उशिरा. यात लाजण्यासारखं काय? विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, आणि आपण तिथून मराठी रंगभूमी मोजतो. त्या खेळाची प्रेरणा होती कर्नाटकातून सांगलीला आलेली भागवत मंडळी. त्यांचा खेळ पाहून संस्थानिकांना वाटलं, असं आपल्या भाषेत हवं. त्यांनी त्या मंडळींना 'आमची अब्रू जाईल' म्हणून वेशीवरून परत पाठवलं असतं तर?

मुलांच्या बाजूनं बोलणाऱ्यांना एवढंच सांगते: घटनेतलं स्वातंत्र्य पोलिसाला दाराबाहेर थांबवतं, शेजाऱ्याला पटवत नाही. आणि 'विनोद आहे, मनावर घेऊ नका' हे तर विनोदाच्याच मुळावर येतं. फाल्गुनरावाला मनावर घेतला म्हणून तो शंभर वर्षं टिकला.

गेल्या आठवड्यात संस्थेच्या एका विश्वस्तांचा फोन आला. पुढचा खेळ मुलांना करायचाय, पण समिती घाबरली आहे. चित्रपटात काही आक्षेपार्ह नाही असं हमीपत्र हवं. "अक्का, तुम्हीच लिहून द्या की, वकिली भाषेत." मी बसले आणि लिहिलं: 'सदर खेळात एका विवाहित इसमाची, त्याच्या स्वतःच्या संशयी स्वभावामुळे, वेळोवेळी फजिती होते. बायको निर्दोष आहे. कोणीही रेल्वेतून पडत नाही.' विश्वस्तांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला, आणि शिक्का मारायच्या आधी एवढंच म्हणाले की खाली कन्नड भाषांतर जोडा, आणि ते थोडं मोठ्या अक्षरांत.